समाजाचा रकाना मी भरला

सोनोग्राफी सेंटरात तुमचं काम काय, असं कोणी विचारलं तर मी सांगत नाही. लाज वाटते. वहीत लिहायला हरकत नाही. बायकांना लघवीला पाठवायचं किंवा लघवी धरून बसायला लावायचं, हे माझं काम. एकवीस वर्षं मी ते केलं.

दिवाळी अंकात निवृत्त मास्तर, कंडक्टर, पोस्टमन आपल्या नोकरीतल्या गमती लिहितात. वाचनालयातून आणून मी त्या वाचते. माझं शिक्षण चौथी, पण वाचायची सवय सुटली नाही. मी एका अर्थी आयाच, सगळे मावशी म्हणायचे. आयाबाईच्या आठवणी कोण छापणार, म्हणून नातीच्या अर्ध्या उरलेल्या वहीत लिहितेय. आणि मला जे लिहायचं आहे ते गमतीचं नाही. ते आठवलं की अजून रागानं पेन कागदात रुततं. अक्षर वाकडं येईल ते त्यामुळे.

आधी काम सांगते, म्हणजे राग कळेल.

सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून बघायचं तर लघवीची पिशवी भरलेली लागते. ती फुगली की मागचं गर्भाशय नीट दिसतं. म्हणून बाईला बाटलीभर पाणी पाजायचं आणि बाकावर बसवून ठेवायचं. मांडी आवळून बसलेल्या बायका मी इतक्या बघितल्यात की तोंडाकडं बघून सांगते, हिला अजून दहा मिनिटं चालेल, हिला आत्ता आत घ्या. आजऱ्याकडचा एक नवरा बायकोच्या बरोबरीनं स्वतः पाणी पीत बसला होता. मी म्हटलं, "पावणं, तुम्ही कशापायी पिताय?" तर म्हणाला, "ती एकटीच कशी सोसणार वो? जोडीनं प्यायचं ठरलंय." नंबर यायच्या आत तोच दोनदा पळाला. ती बसून राहिली, त्याच्याकडं बघून हसत.

पाचव्या महिन्याच्या पुढेमागे पिशवीचं तोंड बघतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याचं तोंड बाटलीच्या मानेसारखं असतं. दिवस भरेपर्यंत ती मान लांब आणि मिटलेली राहायला पाहिजे. पस्तीस-चाळीस मिलिमीटर असली तर घोर नाही. पंचवीसच्या खाली आली तर मूल वेळेआधी निसटायची भीती असते. मग टाका घालतात, औषध देतात, आराम सांगतात. ही लांबी आतून मोजतात, दांडीसारखं यंत्र घालून. दांडीवर आवरण चढवायचं, जेल लावायचं, बाईचा हात धरायचा, हे सगळं माझं. पण सगळ्याच्या आधी तिला लघवीला पाठवून पूर्ण रिकामी करून आणायचं. कारण लघवीची पिशवी भरलेली असली की ती त्या मानेला दाबून ताणते. आखूड झालेली मान पडद्यावर लांब दिसते. घाईत दांडी जोरानं दाबली तरी तसंच होतं.

हे मला आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलं. कोल्हापुरात राजारामपुरीतलं ते सेंटर त्यांनीच काढलं. ते म्हणायचे, "शालन, या खोलीत तुझं काम माझ्या आधी. तू चुकलीस की मी चुकलो." पडद्यावर लघवीची पिशवी कशी काळ्या फुग्यासारखी दिसते ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं. तेव्हापासून पडद्याकडं नजर गेली की मला तो फुगा आधी दिसतो.

डॉक्टर थकले आणि त्यांच्या सूनबाई, आमच्या मॅडम, बघायला लागल्या. मॅडम हुशार. भिंतीवर मावणार नाहीत इतकी सर्टिफिकिटं. त्यांना शोध लावायचा होता. गोऱ्या बायकांचं आणि काळ्या बायकांचं पिशवीचं तोंड सारख्या लांबीचं नसतं, असं परदेशात कोणी मोजलं आहे म्हणे. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडं इतके समाज, आपल्याकडं पण फरक असणारच, तो आपण शोधू. त्यांनी एक जाड रजिस्टर आणलं. त्यात बाईचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, महिना, लांबी. आणि एक रकाना: समाज.

आता बाईला तुमचा समाज कोणता म्हणून कोण विचारणार? काउंटरवरची विद्या म्हणाली, "मी न्हाय बाई. कोण भांडायला उठलं तर?" मॅडमनापण विचारायला अवघड वाटायचं. त्या मला म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला इतक्या वर्षांची नजर आहे. बघून ओळखता तुम्ही. तुम्हीच भरा."

मी लाजरी. घरी पाव्हणे आले तरी मी स्वयंपाकघरात. परक्या बाईला तू कोणत्या जातीची असं माझ्या तोंडून बाहेर पडणं शक्य नव्हतं. म्हणून मी बघून भरायला लागले. कपाळ, बांगड्या, मंगळसूत्र, गोंदण, पदर कोणत्या खांद्यावर, बरोबर सासू आहे ती कशी बोलते. बघायचं आणि लिहायचं. मराठा. मुसलमान. धनगर. जैन.

एकदा हातकणंगल्याची एक बाई आली. हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर, आणि बोलणं अगदी माझ्यासारखं. "लय वेळ लागतोय काय वो? म्हस पिळायची हाय मला घरात." मी मराठा लिहून मोकळी झाले. जाताना तिच्या नवऱ्यानं जिन्यातून हाक मारली, "रेहाना, चप्पल घे की गं." मी रजिस्टर उघडून बघितलं. खोडलं तर मॅडमना दिसणार, विचारणार. मी तसंच ठेवलं.

सांगते काय, त्या शोधाचा अर्धा भाग म्हणजे माझा अंदाज होता. चौथी शिकलेल्या, मान वर करून न बघणाऱ्या बाईचा अंदाज.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला तसं मॅडमनी गुरुवारी शिबिर ठेवलं. मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्यांमधल्या गरोदर बायकांची फुकट तपासणी. मुकादम टेंपोत घालून सात-आठ बायका आणायचा आणि खाली थांबून हॉर्न मारायचा. मी रजिस्टर धरून उभी राहिले. यांचं काय लिहू? मॅडम म्हणाल्या, "टोळी लिहा." मी लिहिलं. टोळी हा समाज कधीपासून झाला? त्यांच्या आपसातल्या बोलण्यावरून कळायचं, त्यात वंजारी होत्या, मराठा होत्या, बौद्ध होत्या, पारधी होत्या, एक तर मुसलमान होती. पण सगळ्या ऊस तोडतात म्हणून सगळ्यांची पिशवी एका जातीची! हे मला तेव्हाच समजत होतं. तरी मी लिहीत राहिले.

पहिल्याच गुरुवारी बाथरूममध्ये चिखल झाला. शेतातून सरळ आलेल्या बायका, चिखल होणारच. राजारामपुरीतल्याच कोणा बाईनं नाक मुरडून तक्रार केली. पुढच्या गुरुवारपासून आतल्या बाथरूमला कुलूप आणि चावी विद्याकडं; पैसे भरणाऱ्या बायकांना ती मिळायची, शिबिरातल्यांना नाही.

"मावशी, आज चावी मागू नगासा," विद्या म्हणाली. "मॅडमनी सांगिटलंय. त्यांस्नी मंडईजवळच्या संडासात जाऊ दे."

"अगं, तिथवर जाऊन कशा येतील? खाली मुकादम बोंबलतोय."

"मग आमी काय करणार? कोण पुसणार रोज रोज?"

पुसणारी मी होते. कधी तक्रार केली होती मी?

मी बाकावरच्या बायकांना विचारायची, लघवीला झाली का. त्या मान डोलवायच्या. दिवसभर उसाच्या फडात आडोसा नसतो, त्यांना धरून ठेवायची सवय. कुलूप तर त्यांनी आल्या आल्या बघितलेलं असायचं. आणि मीसुद्धा त्यांच्या डोलवण्यावर विश्वास ठेवल्यासारखं करून एकेकीला आत घ्यायची.

अशाच एका गुरुवारी मीरा आणि आशा आल्या. दोघी बीडकडच्या, एकाच टोळीतल्या, शेजारशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्या. आशा अठरा-एकोणीसची, पहिलटकरीण. आत आल्यापासून हसत होती. जेल लागल्यावर ओरडली, "अगं माय, बर्फ लावला का काय!" आणि मला म्हणाली, "मावशी, आमच्या नवऱ्याला लावा हे एकदा, लई गरम डोक्याचाय." मॅडमनापण हसू आलं. लांबी चौतीस. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. जा."

मीरा हसत नव्हती. तिनं माझा हात धरला तो सोडेना. हात कसला, कानस. म्हणाली, "मावशी, माझी दोन गेलीत. दोन्ही सहाव्यातच. न दुखता गेली, नुसतं पाणी सुटलं. हे राहील का, तेवढं विचारा ना मॅडमला."

मॅडमनी विचारलं, "आधीचे कागद आहेत?"

"कागद कुठले, बाई? एक फडातच गेलं."

दांडी आत गेली. पडद्यावर मला आधी तो काळा फुगा दिसला. काठोकाठ भरलेला. मीराचे पाय ताठ झाले होते, कारण मॅडम घाईत दांडी दाबत होत्या आणि खाली हॉर्न वाजत होता. मी म्हटलं, "मॅडम, लघवी..."

"मावशी, दाराचा पडदा नीट ओढा."

मी पडदा ओढला.

"छत्तीस," मॅडम म्हणाल्या. "एकदम चांगलं आहे. काही काळजी नाही. काम करू शकते." मग हातमोजे काढता काढता मला म्हणाल्या, "बघताय ना मावशी? टोळीवाल्यांचं लांबच येतंय सगळ्यांचं. कष्टाची शरीरं. यांना टाक्याची गरजच नाही." त्यांचा चेहरा खुलला होता. शोध लागत होता.

मीरा दाराशी थांबली. मॅडमकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "राहील म्हणतात का?"

मी म्हटलं, "व्हय, बरं हाय म्हणाल्या."

माझ्या तोंडून हे शब्द निघाले. मॅडमवर मी कितीही चिडले तरी ते मॅडमच्या तोंडचे नव्हते, माझे होते.

दोन आठवड्यांनी मीरा परत आली. गुरुवार नव्हता. मुकादमाच्या टेंपोतून नाही, नवऱ्याबरोबर एसटीनं. म्हणाली, ओटीपोटात जड वाटतंय, अंगावरून पांढरं जातंय. विद्या म्हणाली, "गुरुवारी या. आज फुकट न्हाय." नवरा खाली मान घालून उभा. मी कोपऱ्यात फडका धरून उभी होते. मला काय झालं माहीत नाही. मी काउंटरच्या आत हात घातला आणि खिळ्यावरची चावी घेतली.

"ओ मावशी! काय चाललंय?"

"बाईला लघवीला लागल्या."

"मॅडमला सांगू काय?"

"सांग की. मीबी सांगणार हाय."

मी मीराला आतल्या बाथरूममध्ये नेलं. दाराबाहेर उभी राहिले. इतका वेळ लागला तिला. बाहेर आली आणि म्हणाली, "माय, किती दिसानं नीट बसले." मी मॅडमना म्हटलं, हिला आत्ता बघा. कसं म्हटलं कोण जाणे. मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की जणू कपाट बोललं. पण बघितलं त्यांनी.

चौदा. दुसऱ्यांदा मोजलं, तेरा.

मॅडम वाईट नाहीत, हे मी लिहिलं पाहिजे. त्यांनी स्वतः फोन करून सरकारी दवाखान्यात सांगितलं, चिठ्ठी दिली, रिक्षा बोलवली. त्याच दिवशी मीराला टाका पडला. पण रिक्षा गेल्यावर त्या टेबलाशी आल्या, त्यांनी रजिस्टर ओढलं आणि कागदावरच्या नंबरावरून मीराची आधीची ओळ शोधली. मला वाटलं, आता छत्तीसवर रेघ मारतील. म्हणतील, आपलं मोजायचंच चुकलं.

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या अक्षरातल्या 'टोळी'वर रेघ मारली. वर लिहिलं, 'इतर'.

"मावशी, समाज नीट बघून भरत जा," त्या म्हणाल्या. "ही बाई टोळीतली वाटत नाही. टोळीवाल्यांचं इतकं आखूड येतच नाही."

हंगामामागून हंगाम कोयता चालवलेली बाई, तिचे हात मी धरले होते. आकडा जुळला नाही म्हणून तिची जात बदलली! आकड्याला कोणी हात लावला नाही. रजिस्टरातल्या त्या एका शब्दाचा दोष मात्र माझा निघाला, अंदाजानं भरणाऱ्या बाईचा. असा राग मला नवऱ्याचा आला नव्हता, सासूचा आला नव्हता. तरी मी "व्हय मॅडम" म्हटलं आणि फरशी पुसायला लागले.

तीनेक आठवड्यांनी मीरा टाका दाखवायला कोल्हापुरात आली होती, ती सेंटरवर मला भेटायला आली. नवऱ्यानं मुकादमाच्या हातापाया पडून तिला कोपीत राहायची मोकळीक मिळवली होती. पोट चांगलं दिसत होतं. मी तिला जिन्यातच चहा दिला. घोटभर पिऊन ती म्हणाली, "आशाचं गेलं, मावशी."

"कुठली आशा?" मला खरंच कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

"माझ्यासंग आलती ती. जेल लावल्यावर वरडली ती. मोळी उचलताना पाणीच सुटलं. मुलगा व्हता." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तिलाबी त्याच दिवशी बघितलं व्हतं ना? तिचं तर बरं हाय म्हणल्या व्हत्या. मंग कामून गेलं?"

आशाला कुठं दुखलं नव्हतं, म्हणून ती परत आली नाही. परत आली नाही, म्हणून तिला चावी मिळाली नाही. तिच्या पिशवीचं तोंड खरोखर चौतीस होतं की नव्हतं, हे आता कोणी सांगू शकत नाही. कधी कधी सगळं नीट असूनही मूल जातं, हेही मला माहीत आहे. पण रजिस्टरात चौतीस आहे, समोर टोळी आहे, आणि मॅडमच्या शोधात ती चांगल्या, लांब, घट्ट बायकांत मोजली गेली आहे. मीराला मी म्हटलं, "चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी मी दोन तास आधी गेले. झाडून घेतलं, रजिस्टर काढलं. ते टाइप करायला जायचं होतं. मी निळं पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. समाजाच्या रकान्यात मी जिथे जिथे काही लिहिलं होतं, त्या प्रत्येक शब्दापुढे लिहिलं: अंदाज. मराठा, अंदाज. मुसलमान, अंदाज. हातकणंगल्याच्या रेहानाचा नंबर माझ्या ध्यानात होता, तिची ओळ सापडली, तिथं मी मराठा खोडून मुसलमान लिहिलं आणि पुढे लिहिलं, नावावरून कळलं. कोणाची लघवी किती भरली होती ते मला एकेकीचं आठवत नव्हतं, आणि न आठवणारं लिहायचं नव्हतं. पण गुरुवारी काय होत होतं ते पक्कं आठवत होतं. म्हणून कुलूप लागल्यापासूनच्या गुरुवारच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलं: बाथरूमची चावी दिली नव्हती. मीराच्या ओळीवर 'इतर' खोडून परत 'टोळी' लिहिलं. आशाची ओळ शेवटाला ठेवली होती, ती लिहून होते तोवर विद्या जिना चढत होती.

मॅडमनी दुपारी बोलावलं. रजिस्टर उघडं होतं.

"मावशी, हे काय केलंय तुम्ही?"

"खरं लिवलंय मॅडम."

"तुम्हाला कळतंय का, किती महिन्यांचं काम आहे हे? तुम्हाला यातलं काय समजतं?"

"मला लघवीचंच समजतंय मॅडम," मी म्हटलं. "तेवढंच लिवलंय."

आणि बादली उचलून बाहेर आले. रडू येत होतं, ते त्यांच्यासमोर यायला नको होतं. काढतील कामावरून असं वाटलं होतं. काढलं नाही. गुरुवारचं कुलूप मात्र गेलं. एका गुरुवारी गेले तर दार उघडंच होतं. विद्या मला म्हणाली, "मावशी, तुमच्यापायी चिखल बघायला लागतोय." मी म्हटलं, "तू बघ, मी पुसते."

आणि शोध? तो मोठ्या हॉटेलात झालेल्या परिषदेत वाचला गेला. माझे शब्द टाइप करणाऱ्यानं घेतले नाहीत, किंवा घेऊ दिले नाहीत. कष्टकरी टोळ्यांमधल्या बायकांच्या पिशवीचं तोंड लांब असतं असं तिथं सांगितलं गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पुष्पगुच्छ घेऊन आल्या. सगळ्यांना पेढे वाटले. मला पण दिला. मी घेतला आणि खाल्ला. लिहिताना त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

मीराला मुलगी झाली. नवव्यात, लहानशी. गावाहून फोन आला होता, मागून रडण्याचा आवाज येत होता, तेवढाच मला पुरला. आशाचा फोन कधी आला नाही. ज्या टोळ्या त्या हंगामात आल्या आणि गेल्या, त्यांतल्या किती जणींना मी "बरं हाय" म्हणून जिन्यापर्यंत सोडलं, ते मला माहीत नाही. त्यांची नावं रजिस्टरात नाहीत. नुसते नंबर आहेत.

मी काम सोडलं त्याला दोन वर्षं झाली. ते रजिस्टर अजून आतल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. कित्त्यासारखं माझं अक्षर, मोठं आणि गोल. ज्या कोणाला कधी ते उघडावंसं वाटेल, त्याला चष्म्याशिवायसुद्धा वाचता येईल. पेन्सिलीनं लिहिलेलं नाही मी.